इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचं तिच्या दरबारातल्या रॉबर्ट डडलीवर प्रेम होतं, मग तिने त्याच्याशी लग्न का केलं नाही?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे डडलीच्या बायकोचा मृत्यू.

एलिझाबेथ 1558 मध्ये पंचविशीत इंग्लंडच्या गादीवर आली. गादीला वारस हवा म्हणून पुढच्याच वर्षी संसदेने तिच्यामागे लग्नाचा लकडा लावला. स्पेनच्या राजा फिलिपनेही मागणी घातली. पण तिचा जीव जडला होता डडलीवर, आणि तो विवाहित होता.

8 सप्टेंबर 1560 ला त्याची बायको एमी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. मान मोडली होती. चौकशीत तो अपघात ठरला, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आता डडलीशी लग्न करणं म्हणजे खुनाचा संशय स्वतःच्या सिंहासनावर ओढवून घेणं होतं.

शिवाय लग्न म्हणजे काय होऊ शकतं, हे तिला घरातच कळलं होतं. तिची आई अ‍ॅन बोलीन हिचा शिरच्छेद वडिलांच्या राजवटीत झाला, तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. सावत्र बहीण मेरीने परक्या राजाशी लग्न करून प्रजेचा रोष ओढवून घेतला, तेही तिने पाहिलं.

मला मात्र सगळ्यात जास्त हलवते ती एक चिठ्ठी. 1588 मध्ये डडली वारला. त्याच्या काही दिवस आधी त्याने तिची तब्येत विचारणारं पत्र पाठवलं होतं. त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘त्याचं शेवटचं पत्र’. 1603 मध्ये ती गेली, तोवर ते तिने जपून ठेवलं होतं.