दगड-मातीच्या घराला किल्लारीचा दोष लावू नका

तुम्ही विचारलंय, "पर्यावरणपूरक बांधकामानं गावातल्या माणसाला खरंच फायदा होतो, की तो शहरातल्या पैसेवाल्यांचा शौक आहे? आमच्या लातूर-धाराशिवकडं दगड-मातीच्या घरांनीच माणसं मारली, मग परत तेच कशाला?" पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देतो. दुसऱ्यावर मात्र सविस्तर बोलणार, कारण हे वाक्य मी फार वर्षांपासून ऐकतोय आणि ते अर्धवट आहे.

फायदा मुख्यतः पैशाचा. सिमेंट आणि सळईला दिलेला पैसा दुकानातून थेट कारखान्याला जातो. दगड, मुरूम, चुना यांच्या कामात तोच पैसा पाथरवट, गवंडी, बिगारी आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातात पडतो. दगड बऱ्याचदा विकतही घ्यावा लागत नाही, विहिरीचा काढलेला ढीग बांधावर वर्षानुवर्षं पडून असतो. त्यातला भुसभुशीत मांजऱ्या बाजूला काढायचा आणि हातोडी मारल्यावर खणखणीत वाजेल तो काळा दगड घ्यायचा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, जाड भिंतीच्या खोलीत झोप लागते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. माणसं गाढ झोपेत होती. भिंती दगड-मातीच्या होत्या हे खरं. पण पडल्या का, ते बघा. आतल्या आणि बाहेरच्या तोंडाचे दगड वेगवेगळे रचलेले, मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल भरलेला, आणि या दोन पदरांना बांधणारं काहीच नाही. बरेचसे दगड गोलसर. हादरा बसला की मधली भर खाली दबते, दोन्ही पदर फुगतात, बाहेरचा पदर अंगणात ओघळतो आणि आतला घरात. अशा भिंती कुठं कुठं तीन-चार फूट जाड होत्या, म्हणजे जाडीनं कुणी वाचलं नाही.

त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, ही आपल्याकडची सवय. थर दोन फुटांवर गेला की एका चौरस मीटरवर जवळजवळ एक टन माती होते. दहा बाय बाराच्या खोलीवर दहा टन! आणि ज्या घरांत माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांब-तुळयांच्या चौकटींवर, म्हणजे खणांवर होतं, तिथं भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी खण उभे राहिले. म्हणून मी म्हणतो, दोष रचनेचा आणि ओझ्याचा आहे. दगडाचा नाही.

नवी भिंत घालायची तर जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नका. प्रत्येक दोन फूट उंचीला, आडवं चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एकसंध दगड बसवा. इंजिनिअर त्याला थ्रू स्टोन म्हणतात. एवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी १० मि.मी. सळईचा दोन्ही टोकांना आकडा असलेला तुकडा काँक्रीटमध्ये गाडून घ्या. कोपऱ्यात लांब दगड एका थराला या भिंतीत, पुढच्या थराला त्या भिंतीत. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब.

दाराच्या वरच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा घराच्या सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतीसुद्धा धरून, अखंड फिरवा. तीन इंच जाडी, दोन सळया, सहा इंचांवर रिंगा. सगळ्यात जास्त चूक इथंच होते: गवंडी कोपऱ्यात सळई तोडतो. कोपऱ्यात तुटलेला पट्टा भूकंपात निरुपयोगी आहे. सळई वाकवून पुढच्या भिंतीत किमान दीड-दोन फूट न्या. समोर उभं राहून करून घ्या, उद्यावर सोडू नका.

जुनं माळवद असेल तर आधी वरची माती खरवडून काढा, खाली जाड प्लास्टिकचा कागद घाला, मग पांढरी माती सहा इंचांपर्यंतच पसरा. नवा थर टाकण्याआधी जुना तेवढाच काढायचा. आणि ती माती गावच्या गढीतून, म्हणजे जुन्या तटबंदीच्या वाड्यातून उपसून आणू नका. गढ्या आधीच निम्म्या उकरल्या गेल्यात.

सिमेंट अजिबात नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पट्ट्याला सिमेंट लागतंच, भिंतीच्या मसाल्यातही चालेल, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू पुरे. भिजवणीला पाइप सोडून देऊ नका. पट्ट्यावर पोतं पसरून दिवसातून तीनदा ओलं केलं तर निम्म्याहून कमी पाण्यात भागतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात तरी हे पाळावं. घरकुलाच्या २५ चौरस मीटर छतावर ६०० मि.मी. पाऊस पडला तर गळती-बाष्प वजा जाता बारा हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी ठेवा, नाहीतर सगळी घाण टाकीत जाते.

दाबलेल्या मातीच्या विटांबद्दलही बरेच जण विचारतात. काळ्या मातीच्या करू नका. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते, पाच-आठ टक्के सिमेंट घालूनही भरवसा नाही. रेतीचं प्रमाण जास्त असलेली मुरमाड माती लागते. परळीच्या औष्णिक केंद्राची राख जिथं मिळते, तिथं त्या राखेच्या विटा जास्त बऱ्या. शेतातला वरचा सुपीक थर भट्टीत जात नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. हे सगळं एकमजली घरासाठी आहे. वर मजला चढवायचा असेल तर दगड-मातीच्या भिंतीवर चढवू नका, सरळ वेगळी रचना करून घ्या. पाया काळ्या जमिनीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करून. घराला पडणाऱ्या तिरक्या भेगा बहुतेक वेळा या काळ्या जमिनीच्या फुगण्यानं येतात आणि लोक दोष भिंतीला देतात. आणि तुमचं जुनं घर १९९३ च्या आधीचं असेल, भिंत मधेच पोटाला आलेली दिसत असेल, तर माळवदावर चढून माती काढायच्या आधी आतून तुळयांना टेकू लावा.