पीडीएफ उघडण्यापूर्वी

आपण नव्याने सुरुवात करत आहात, म्हणून मोजकेच सांगतो. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने १९९३ साली आणलेली पीडीएफ ही फाइलीची पद्धत पानाची मांडणी जशीच्या तशी जपण्यासाठी आहे, त्यामुळे ती वर्डच्या फाइलीसारखी सहज बदलता येत नाही, ही तिची उणीव समजू नये. वाचण्यापुरता ब्राउझर पुरतो. वेगवेगळी ॲप उतरवत बसू नका.

फाइल आली की एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा: शब्द निवडला गेला नाही, तर ते बहुधा स्कॅन केलेले चित्र असते आणि त्यात शब्द शोधण्याची सोय मिळेलच असे नाही. जुन्या मराठी फाइलीतला मजकूर कॉपी केल्यावर अगम्य चिन्हे उमटली, तर फाइल बिघडली असे मानू नका. दोष बहुतेक वेळा युनिकोड (सर्व लिपींसाठीची सामाईक अक्षर-संकेतपद्धती) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टचा, म्हणजे अक्षरवळणाचा असतो.

ई-आधारची, म्हणजे उतरवून घेतलेल्या आधार कार्डाची पीडीएफ उघडण्याचा पासवर्ड (हे सगळेच विचारतात) म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष.