एकाच रंगाचे दोन दिवे, तरी व्यतिकरण का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय, दोन सोडियम दिव्यांचा प्रकाश एकाच वारंवारितेचा, मग तो कोहेरंट (लाटांची चाल एकमेकींशी जुळलेली) का नाही आणि पडद्यावर व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून होणारे, उजळ-काळे पट्टे का उमटत नाहीत?

'फेजमधला फरक स्थिर असेल तर लाटा कोहेरंट' हे वाक्य मीही पाठ केलं होतं. (फेज म्हणजे लाट त्या क्षणी शिखरावर आहे, दरीत की मधे कुठे.) गुण मिळाले, कळलं काहीच नव्हतं.

खरं तर पट्टे पडतात, टिकत नाहीत. दिव्यातला एकेक अणू फार तर सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढा वेळ प्रकाश सोडतो. मग दुसऱ्या अणूची पाळी, आणि त्याची लाट शिखरापासून सुरू होईल की दरीपासून, याचा काही नेम नाही. दोन्ही दिव्यांत ही उलथापालथ आपापली चालते. पट्टे इतक्या वेगाने जागा बदलतात की डोळ्याला नुसता सपाट उजेड दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंगच्या प्रसिद्ध प्रयोगात मात्र एकाच स्रोताचा प्रकाश दोन फटींतून येतो. फेज बिघडली तरी दोन्हीकडे एकदमच बिघडते, फरक तोच राहतो.

पण लाटेचा सलग तुकडा तोकडाच असतो; दोन वाटांच्या लांबीत त्याहून जास्त फरक पडला की जुळणी तुटते. म्हणून 'कोहेरंट आहे का?' यापेक्षा 'किती अंतरापर्यंत आहे?' असं विचारावं. पांढऱ्या प्रकाशासाठी ते अंतर जेमतेम १ मायक्रोमीटर. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात आणि खिडकीच्या काचेवर नाहीत, ते यामुळेच. फुग्याचा पापुद्रा त्याहून पातळ असतो, तर काचेच्या दोन बाजूंवरून परतणाऱ्या लाटांत काही मिलिमीटरचं अंतर पडतं. (लेसरचंही अमर्याद नसतं बरं का, साध्या हीलियम-निऑन लेसरचं २०-३० सेंटिमीटर.)

हे झालं लाटेच्या दिशेने. आडव्या दिशेने स्रोताचा आकार आड येतो. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, त्याचा प्रत्येक बिंदू आपले वेगळे पट्टे पाडतो आणि ते एकमेकांत मिसळून पुसले जातात. थेट उन्हात दोन फटींमध्ये साधारण ०.०६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असलं की संपलं. म्हणून आधी एक बारीक छिद्र ठेवतात.

मायकेलसन आणि पीस या शास्त्रज्ञांनी १९२० साली हीच अडचण कामाला लावली. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या दुर्बिणीवर दोन आरसे बसवून मृगातल्या काक्षी ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला आणि आरसे एकमेकांपासून लांब नेत गेले. स्रोत जितका मोठा दिसतो, तितक्या कमी अंतरावर पट्टे पुसले जातात. इथे सुमारे ३ मीटरवर ते नाहीसे झाले, आणि त्यावरून ताऱ्याचा व्यास काढता आला.