टेलिस्कोप नसताना खान्देशातून तेजोमेघ आणि तारकागुच्छांचे फोटो काढता येतील का?

तुम्ही लिहिलंय की जळगावला राहता, साधा डीएसएलआर आहे, सोबत 50 मिमीची लेन्स आहे, तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि तारकागुच्छांचे फोटो काढायचेत, तर सुरुवातीला कोणता टेलिस्कोप घ्यावा. माझं मत विचाराल तर सध्या कोणताच घेऊ नका. तुमच्याकडे आहे त्याच कॅमेऱ्यात मृगातला तेजोमेघ येतो. एक भक्कम ट्रायपॉड आणि अमावस्येच्या आगेमागे गावाबाहेरची एक रात्र, एवढं लागेल.

मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. खोक्यावर ‘525 पट’ छापलेली दुर्बीण घेतली. तिच्यातून चंद्र आणि गुरूचे चंद्र छान दिसायचे, पण स्टँड इतका लेचापेचा की वाऱ्याची झुळूक आली तरी तारा नाचायचा. कॅमेरा जोडण्याची तर सोयच नव्हती. दोन हिवाळे तिच्यात गेले. तेजोमेघ लहान असतात, म्हणून ते मोठे करून पाहावे लागतात, असा माझा समज होता. खरं तर ते चांगले मोठे असतात, फक्त फार मंद असतात. मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम 42, आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहे. कृत्तिकांचा पुंज जवळजवळ चार चंद्रांएवढा पसरलेला आहे. कमी पडतो तो उजेड, आणि उजेड गोळा करायला तुमची 50 मिमी उत्तम आहे.

आपल्या डोळ्याला उजेड साठवता येत नाही, सेन्सरला येतो. अडचण अशी की पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. 500 ला लेन्सच्या मिमीने भागायचं आणि छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आणखी दीडने भागायचं, हा चालत आलेला हिशोब. तो तुमच्या लेन्सला साधारण साडेसहा सेकंद देतो. मी मृगासाठी 4 च घेतो, कारण तो आकाशाच्या विषुववृत्तावर आहे आणि तिथले तारे सगळ्यात भराभर सरकतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 1600, लेन्सचं तोंड एफ 2.8 ला, आणि फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

4 सेकंदांच्या एका फोटोत जवळजवळ काही दिसत नाही. तसे 300 काढायचे. आपल्याकडे ठिबक सगळ्यांना ठाऊक आहे, हे तसंच आहे: एकेक थेंब क्षुल्लक, पण रात्रभरात मुळाशी ओल पोचते. घरी येऊन डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो ताऱ्यांवर तारे जुळवून एकावर एक रचायचे. फोटोंची संख्या चौपट केली की रचलेल्या फोटोतली दाणेदार खरखर निम्मी होते. म्हणजे 100 फोटोंवरून 400 वर गेलात तर फरक लख्ख दिसेल, पण तेवढाच फरक पुन्हा हवा असेल तर 1600 लागतील. तिथून पुढे फोटो वाढवण्यापेक्षा आणखी अंधाऱ्या जागी जाणं स्वस्त पडतं.

आता फोकस. नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. एकदा तोरणमाळला जाऊन मी थंडीत 380 फोटो काढले, लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवून. घरी संगणकावर पाहिलं तर प्रत्येक तारा भाकरीसारखा गोल आणि पसरट. फोकस बिघडलेला फोटो रचून सुधारत नाही, त्यामुळे सगळी रात्र वाया गेली. तेव्हापासून एकच पद्धत: ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, चालू, व्याधासारखा ठळक तारा पडद्याच्या मध्यावर आणून चित्र 10 पट मोठं करायचं आणि लेन्सवरचं फोकसचं कडं अगदी केसभर पुढे-मागे फिरवायचं. तारा बारीक होत होत टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. फुगायला लागायच्या आधीची जागा पक्की. तिथे कड्यावर चिकटपट्टी लावून टाकायची आणि दर अर्ध्या तासाने तपासायचं, कारण रात्र गार होते तसा फोकस थोडा सरकतो.

शेवटी तिथेच, त्याच गारव्यात, लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगवर 25-30 काळे फोटो काढा. सेन्सर स्वतःच्या उष्णतेने जे ठिपके उठवतो, ते या फोटोंच्या मदतीने वजा होतात. आपल्या भागात हे टाळूच नका. तापमान साधारण 6 अंशांनी वाढलं की सेन्सरमधला हा उपद्रव दुप्पट होतो. जानेवारीतली 12 अंशांची रात्र आणि मे महिन्यातली 32 अंशांची रात्र यांत जवळपास दहापटीचा फरक पडतो. म्हणून माझा खरा मोसम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात जातो, पण थोड्याच गोष्टींसाठी.

जागेचं म्हणाल तर जळगाव-भुसावळच्या उजेडातून बाहेर पडा, एवढंच. तोरणमाळचं पठार हजार मीटरहून उंच आहे, डोक्यावरचं आकाश देखणं असतं, पण दक्षिणेला तापीकाठच्या गावांचा पिवळट उजेड दिसतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या बाजूला मला फार आवडतं, ते अंधारासाठी आणि आणखी एका कारणासाठीही. 13व्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, तसा शिलालेख आहे. त्यांचा 1150 सालचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ज्या भागात शिकवला गेला, त्याच भागात ट्रायपॉड उभा करताना मला दर वेळी आनंद होतो. पण ते अभयारण्य आहे. रात्री आत थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी जंगलाबाहेर ओळखीच्या मळ्यात थांबतो.

बहुतेक वेळा मात्र मी आमच्या अमळनेरकडच्या शिवारातच असतो. तिथे शेजारचे आप्पा रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी द्यायला येतात. पहिल्यांदा त्यांनी लांबूनच विचारलं, “भाऊ, आठे काय करी ऱ्हायना?” सांगितल्यावर पंपाच्या खोलीवरचा बल्ब स्वतःहून बंद केला. त्यांना तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, लहानपणापासून ठाऊक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिकांड्याखालचा पुसट गुलाबी डाग दाखवला तेव्हा ते पडद्याकडे आणि मग आकाशाकडे, असं तीन-चार वेळा पाहत राहिले. तो उजेड साधारण 1300 वर्षांपूर्वी निघालाय, हे मी सांगितलं. आता गेलो की ते आधी बल्ब बंद करतात, मग बोलतात. तुम्हीही ज्याच्या बांधावर उभे राहाल त्याला आधी सांगा. रात्री शेतात अनोळखी माणूस दिसला की कोणालाही शंका येणारच.

दोन गोष्टी सांभाळा. केळीच्या बागेला लागून कॅमेरा लावू नका, ओलाव्याने मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं. आणि कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या पेटवायला लागले की त्या दिशेचं आकाश सोडा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधला की अंधाराला सरावलेली नजर टिकते.

काय टिपायचं? कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ माथ्यावरून जातात. त्यांच्याभोवतीची निळी धूळ हवी असेल तर धीर धरा, ती फार मंद आहे. ती धूळ त्या ताऱ्यांच्या जन्मावेळची नाही. तारे प्रवासात तिच्यातून चाललेत आणि त्यांच्या उजेडाने ती चमकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुष्यातला मधमाश्यांसारखा पुंज, एम 44, सोपा आहे. उन्हाळ्यात दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी जरूर घ्या. साधारण 17 हजार प्रकाशवर्षांवरचा हा लाखो ताऱ्यांचा गोळा आपल्याकडे क्षितिजापासून 21 अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही. मूळ नक्षत्राच्या नांगीजवळचा एम 7 पहाटे मिळतो.

घोड्याच्या डोक्याच्या तेजोमेघासारखे लालभडक फोटो पाहून मात्र खट्टू होऊ नका. हायड्रोजनचा तो लाल उजेड 656 नॅनोमीटरचा असतो आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरची काच त्यातला बराचसा अडवते. ती काच काढून घेणारे लोक आहेत, पण पहिल्या वर्षी तुमचा कॅमेरा उघडू नका. तारकागुच्छांना याचा फरक पडत नाही, आणि मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की तरीही येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर पुढची पायरी ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र. माझा पहिला ट्रॅकर गावातल्या सुताराने केला. प्लायवूडच्या दोन फळ्या, एका टोकाला बिजागरी, आणि बिजागरीच्या दांड्यापासून 228.5 मिमीवर 6 मिमीचा बोल्ट. त्या बोल्टचे आटे 1 मिमीचे असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो 1 मिमी सरकतो. मिनिटाला एक फेरा दिला की फळ्या बरोबर आकाशाच्या वेगाने उघडतात. मी आधी चुकून 8 मिमीचा बोल्ट लावला होता. त्याचे आटे सव्वा मिमीचे, त्यामुळे कॅमेरा पुढे पळायचा आणि रेघा उलट्या बाजूला यायच्या. लेथवाल्याने आटे मोजून दाखवले तेव्हा उलगडा झाला. बिजागरीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून 21 अंशांवर असतो. मग मोबाईलवर सेकंद बघत दर 15 सेकंदांना पाव फेरा. 50 मिमीवर 30 सेकंदांचे फोटो मला यावर मिळतात, 4 च्या जागी 30.

पण पहिली रात्र नुसत्या ट्रायपॉडवरच करा. डिसेंबरअखेरच्या अमावस्येला मृग रात्री नऊला पूर्वेला चांगला वर आलेला असतो. घरी आल्यावर एकेक फोटो जवळजवळ काळाच दिसेल. त्यातला एकही पुसू नका, सगळे रचून झाल्यावरच बघा.