ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या भावाला

भाऊ, देवाला सगळं द्यायचंय म्हणता, छान! पण लगेच पहाटे दोन तास प्रार्थनेचा नेम धरू नका, टिकत नाही. पंधरा मिनिटं बसा, पण रोज, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. मन कोरडं वाटलं तरी बसा.

बायबलचं वाचन पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू केलं की बरेच जण नियमांनी भरलेल्या लेवीय या पुस्तकात अडकतात. आधी मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या, 16च अध्याय आहेत. 12व्या अध्यायातल्या 30-31 या वचनांवर मात्र थांबा. देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती तिथे जोडीनेच येतात. तेव्हा भक्तीच्या नावाखाली घरी आईशी तुटक वागणं चालणार नाही.

या रविवारी कॅम्पातलं चर्च, पुढच्या रविवारी पिंपरीतलं, असं फिरू नका. (गाणी सगळीकडेच छान असतात.) एकच मंडळी, म्हणजे एकच चर्च धरा.

उपास वगैरे नंतर, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलून.