वारीहून परतल्यावर पुन्हा वजन उचलताना

प्रश्न : ताई, माझं वय ५२. दोन वर्षांपासून साताऱ्यात जिमला जाते. वारीआधी ६० किलोची डेडलिफ्ट (वजनाचा बार जमिनीवरून उचलणं) पाच वेळा आणि ४० किलोचे स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठका) आठ वेळा होत होते. मग माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. घरी आले आणि तापाने धरलं. व्हायरल होता, पण आठवडाभर अंथरुणातच गेला. सगळं मिळून पाच आठवडे वजनाला हात लागलेला नाही. दंड सैल वाटतात, ब्लाउज ढिले झालेत. मैत्रिणी म्हणतात, आता सगळं पहिल्यापासून. खरंच तसं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, पहिल्यापासून नाही. बावन्नाव्या वर्षी ६० किलो जमिनीवरून उचलता हे वाचूनच मला आनंद झाला, आणि ती ताकद पाच आठवड्यांत नाहीशी होत नाही.

आधी दंडांचं बोलू. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. व्यायाम थांबला, तापात जेवण तुटलं, की हा साठा उतरतो आणि दंड रिकामे दिसतात. नीट जेवण आणि व्यायाम सुरू झाला की तो लवकर भरतो. थोडा स्नायू खरोखरच गेला असेल, तोही मुख्यतः अंथरुणातल्या आठवड्यात. वय वाढल्यावर पडून राहणं फार महागात पडतं. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर फक्त पायांतून जवळपास एक किलो मांस गेलं, असं २००७ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. तुम्ही मात्र त्याआधी दिवेघाट चढून गेला होतात. वारीत पायांना विश्रांती मिळालीच नाही, सुट्टी मिळाली ती पाठीला, खांद्यांना आणि पकडीला.

ताकदीचा मोठा भाग मज्जासंस्थेत असतो. एका वेळी किती स्नायूतंतू कामाला लावायचे हे शरीर शिकलेलं असतं आणि ते सहजी विसरत नाही. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाने २०२४ मध्ये दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाने सलग २० आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने दहा आठवडे केला, दहा आठवडे पूर्ण थांबवला आणि पुन्हा दहा आठवडे केला. शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच जागी पोचले. मधल्या खंडात स्नायूंचा आकार जितका उतरला, तितकी ताकद उतरली नव्हती. ती माणसं तुमच्यापेक्षा तरुण होती आणि तापातून उठलेली नव्हती. म्हणून यातून धीर घ्या, वेळापत्रक घेऊ नका.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. ताकद शिल्लक असल्यामुळे पहिल्याच दिवशी ५० किलोही उचलले जातील. पण वजन खाली ठेवताना स्नायूंवर जो ताण येतो, तो सोसायची सवय या पाच आठवड्यांत बरीच उतरलेली असते. त्या दिवशी काहीच कळत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, मग जिन्याचा कठडा धरून उतरावं लागतं आणि पुढचा आठवडा बुडतो. म्हणून त्या दिवशी अंगात किती जोर वाटतो यावर वजन ठरवू नका, जुन्या वहीवरून ठरवा.

पहिल्या आठवड्यात ३० किलोची डेडलिफ्ट, पाच-पाचचे दोन सेट, म्हणजे सलग पाच वेळा, थोडं थांबून पुन्हा पाच वेळा. स्क्वॉटला नुसता २० किलोचा बार. प्रत्येक सेट संपताना अजून चार वेळा झालं असतं असं वाटलं पाहिजे. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये पुरेशी विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात ४० आणि २७.५ किलो, तिसऱ्यात ५० आणि ३५. आधीचा आखडलेपणा गेला नसेल तर तेच वजन पुन्हा करा. चार-पाच आठवड्यांत जुन्या आकड्यांजवळ याल असा माझा अंदाज आहे.

एक बारीक गोष्ट ट्रेनरच्या कानावर घाला. ३० किलोसाठी बारला लावायच्या पाच किलोच्या प्लेटा लहान असतात, त्यामुळे बार जमिनीला फार जवळ राहतो आणि पाठ जास्त वाकते. दोन्ही बाजूंना खाली जाड प्लेटा आडव्या रचून बार नडगीच्या मध्यापर्यंत आणा. माझ्याकडे कराडला भातलावणीनंतर परतणाऱ्या बायकांना मी हे पहिल्या दिवशी करायला लावते, कारण वाकून वाकून त्यांची कंबर आधीच थकलेली असते.

ताप जाऊन काही दिवस झालेले असावेत, भूक आणि झोप जागेवर आलेली असावी, जिना चढताना धाप लागू नये. त्याआधी जिमची पायरी चढू नका. व्हायरल तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. व्यायाम करताना छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. व्यायामानंतर स्नायू सुजून फार दुखू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार येतो, त्यात वाट पाहायची नसते.

जेवणात रोज दोन अंडी किंवा पनीर, शिवाय मोडाची मटकी आणि दही वाढवा. नुसत्या वरण-भाताने भागणार नाही. आणि मैत्रिणींना माझा निरोप सांगा : वारी करून आलेल्या बाईला घाबरवू नका, तिच्या बारला प्लेटा लावायला मदत करा.

प्रश्न : परीक्षेमुळे दोन आठवडे जिम बंद होती. स्नायू गेले असतील का? आता प्रोटीन पावडर सुरू करू का?
– विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन आठवड्यांत तुझ्या वयात ताकद जवळपास तशीच राहते. पहिल्या दिवशी प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी कर आणि वजन दहा टक्क्यांनी उतरव. अंग फार दुखलं नाही तर दुसऱ्या वेळेपासून जुन्या वजनावर जा. धावताना मात्र दम लवकर लागेल, कारण व्यायाम थांबला की रक्तातला द्रवभाग लवकर घटतो आणि हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. तेही काही दिवसांत भरून येतं. एवढ्यासाठी पावडरवर पैसे घालवू नकोस. मेसमध्ये दूध, अंडी, उसळ मिळत असेल तर तेच पोटभर खा, आणि परीक्षेची जागरणं झाली असतील तर पहिले दोन दिवस आधी झोप काढ.