आधी जाळं बघ

पोरा,

धरणातल्या जाळ्याच्या पिंजऱ्यात पाळलेली तुझी चिलापी (तिलापिया मासा) खात नाही, पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करते, आणि खाद्यवाल्याने तुला औषधाची बाटली गळ्यात मारली. बाटली बाजूला ठेव. जाळं बघितलंस का?

उजनी धरणात पुणे-पिंपरीचं सांडपाणी उतरतं, शेवाळ माजतं. पंधरवड्यात जाळ्याचे डोळे बुजले की आतलं पाणी बदलत नाही. रात्री मासे आणि शेवाळ दोघंही प्राणवायू ओढतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. प्राणवायू मोजायचं मीटर उजाडायच्या आत बुडव, पिंजऱ्याच्या आत आणि बाहेर. बाहेर लिटरला ५ मिलिग्रॅम आणि आत ३ भरला तर जाळं बुजलंय. दोन्हीकडे कमी असेल तर धरणाचंच पाणी बिघडलंय. त्या दिवशी खाद्य बंद. दुपारी मोजून ‘पाणी झकास’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

बुजलेलं जाळं आत मासे ठेवून ब्रशने घासू नकोस, निघालेली घाण त्यांच्याच कल्ल्यांत जाते. धुतलेलं जाळं बाहेरून, जुन्याच्या खालून ओढून चौकटीला बांध, मग जुन्याची एक बाजू सोडून मासे हळूच नव्यात उतरव. जुनं दोन-तीन दिवस उन्हात वाळव, झटक, भोकं शिव. कोपऱ्यांची वजनं विसरलास तर वाऱ्या-लाटेत जाळं आत चेपतं आणि माशांची जागा घटते. दुसऱ्या जाळ्याला पैसे नाहीत म्हणतोस, पण खाद्याची पोती उधारीवर उचलतोस! मी याच गोष्टीवर अडून बसतो म्हणून लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचाच, आणि बुजलेल्या जाळ्यात ते वाया जातं.

आता खाद्य. ४,००० मासे, सरासरी २०० ग्रॅम, म्हणजे ८०० किलो. वजनाच्या अडीच टक्क्यांनी खाद्य दिवसाला २० किलो, दोन वेळांत: ऊन वर आल्यावर आणि चारच्या सुमारास. पण हा आकडा कमाल धर. मूठमूठ टाक, झडप मंदावली की हात आखड. पंधरा मिनिटांनी दाणे तरंगत असतील तर पुढच्या वेळी कमी. ढगाळ दिवशी निम्मंच. पाण्याच्या रेषेवर आतून बारीक जाळीचा पट्टा नसेल तर दाणे वाहून बाहेरच्या माशांची चंगळ होते.

वजन दर पंधरा दिवसांनी, उपाशीपोटी, तीसेक मासे बादलीत घेऊन. त्याच दिवशी तळाचा कोपरा उचल. मेलेले मासे तिथे साचतात, आणि खेकड्याने कुरतडलेलं भोकही बहुधा तिथेच सापडतं.